साडूच्या मागे गेलेली चीर

ग्रंथालयासमोरच्या हिरवळीची कड थोरल्या साडूंनी वाकडी कापली. थोडीथोडकी नाही. चालता बैल मुतल्यावर रस्त्यावर जी नक्षी उमटते, तिलाही लाज वाटावी इतकी वाकडी.

असं काही घडलेलंच नाही. वरच्या ओळी कुणी वाचल्या असतील तर कृपया विसरून जाव्या. ज्याने उभ्या आयुष्यात एक रेघ वाकडी मारली नाही, त्याच्याबद्दल तोंड उघडताच असं बोलणं बरं दिसत नाही. तेव्हा सुरुवात इथून करू: थोरल्यांचा हात सरळ होता.

धंदाच तो होता त्यांचा. गवत आणि पायवाट यांच्यामध्ये पट्टी पुरायची, म्हणजे गवत आपल्या घरी राहतं आणि खडी आपल्या. त्यासाठी जमिनीत बोटभर रुंद, वीतभर खोल चीर पाडायची, तिच्यात पट्टी उभी सरकवायची, लाकडी हातोड्याने ठोकायची आणि दोन्ही बाजूंनी माती पायाने दाबायची. थोरले ही चीर सपाट फावड्याने पाडत. दोन खुंट्या, मध्ये ताणलेली दोरी, दोरीला चिकटून फावडं. खच्च. खच्च. खच्च. वेळ लागे, पण रेघ अशी येई की तिच्यावरून जाणाऱ्या मुंग्याही एकमेकींना पुढे घुसू देत नसत. ही सवय घरातही शिरली होती. पायपुसणं तिरकं दिसलं तर ते त्यावर उभ्या असलेल्या पाहुण्याला बाजूला करत, पायपुसणं सरळ करत, आणि मग "या, या" म्हणत.

धाकट्या साडूंकडे बाकीचं सगळं होतं. डोक्यावर केस होते. गाता गळा होता. सासूबाईंना 'आई' म्हणायचं आणि ते खोटं वाटू द्यायचं नाही, ही विद्या होती. थोरल्यांनीही एकदा धीर करून "आई" म्हणून पाहिलं होतं. सासूबाई दचकून म्हणाल्या, "काय झालं? कुठे लागलं?"

या सगळ्यावर थोरले जळत, पण मंद आचेवर. कारण एक गोष्ट धाकट्यांना येत नव्हती. घरात फोटो टांगायचा असो की पडदा बसवायचा असो, "थोरल्या जावयांना बोलवा, सरळ तेच करतील," असं म्हणण्यावाचून सासूबाईंना गत्यंतर नव्हतं. त्या एका रेघेवर थोरल्यांचा सगळा जावईपणा उभा होता.

मग धाकट्यांनी ट्रॅक्टर घेतला.

लहानसा होता. गुबगुबीत रुंद टायरांचा, गवताला न दुखवता चालणारा. मागे एक पातळ, दातेरी, गोल पातं. दांडा ओढला की पातं जमिनीत उतरायचं आणि ट्रॅक्टर चालेल तशी मागे चीर पडत जायची. थोरल्यांच्या आठवड्याचा घाम तो दुपारच्या आत गिळून ढेकर देई.

"सरळ येते का पण?" थोरल्यांनी विचारलं होतं. सहज विचारल्यासारखं, टायरला लाथ मारत.

"येते की, दादा. चालवणाऱ्यावर आहे," धाकटे म्हणाले.

हे वाक्य थोरल्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं बसलं ते बसलंच.

ग्रंथालयाचं काम थोरल्यांना मिळालं होतं. नव्या वाचन-खोलीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि फाटकापासून पायऱ्यांपर्यंत हिरवळीला कड हवी होती. ग्रंथपालबाईंना सरळ गोष्टी आवडत. त्यांनी नुसता चष्मा काढला तरी सगळं दालन चिडीचूप होई. "रेघेसारखी रेघ पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि थोरल्यांना वाटलं, जगात आपलं कुणीतरी आहे. आणि कामाच्या आदल्या दिवशी त्यांची कंबर धरली. पायपुसणं सरळ करताना.

"धाकट्यांना बोलावते," बायको म्हणाली. ती दोघी बहिणींतली थोरली आणि बोलण्यात दोघींच्या वाटणीची.

"मी मेलो तरी चालेल, पण त्याला नाही."

"मेलात तर त्यांनाच बोलवावं लागेल. मग आत्ताच बोलावते, निदान तुम्हाला बघायला तरी मिळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर फाटकातून आत आला. सुकाणूवर धाकटे, आणि मडगार्डवर, पर्स मांडीत धरून, सासूबाई. फावड्याच्या इतक्या वर्षांत त्या थोरल्यांचं काम बघायला एकदाही फिरकल्या नव्हत्या. ऊन सोसत नाही म्हणायच्या. आज उतरल्या, घडीची खुर्ची मांडली आणि म्हणाल्या, "म्हटलं, जावयांचं काम बघावं." यात आपण धरलेलो आहोत का, हे थोरल्यांनी विचारलं नाही. उत्तर आलं असतं.

"दादा, तुम्हीच बसा," धाकटे खाली उतरून म्हणाले. "बसून चालवायला कंबर लागत नाही. आणि तुमच्यासारखी रेघ मला कुठे जमणार?"

थोरल्यांनी या वाक्यात विष कुठे आहे ते शोधलं. नव्हतं. म्हणून ते जास्त झोंबलं.

ते चढून बसले. धाकट्यांनी पायऱ्यांशी खुंटी ठोकली, तिला लाल फडकं बांधलं आणि ओरडून सांगितलं, "एकच नियम, दादा! मागे पात्याकडे बघायचं नाही. खुणेवर नजर ठेवायची. नजर जाते तिकडे हात जातात, हात जातात तिकडे चाक!" आणि भर म्हणून स्वतःच खुंटीशेजारी उभे राहिले.

थोरल्यांनी दांडा ओढला. पातं जमिनीत उतरलं. आदल्या दिवशी पाणी मारून ठेवलेली माती पिकल्या फळासारखी उलत गेली. समोर लाल फडकं, मनात फक्त रेघ. फाटकापासून गुलाबाच्या वाफ्यापर्यंतची ती चीर आजही कुणी दोरी लावून तपासावी. दोरी वाकडी निघेल.

गुलाबाच्या वाफ्याशी सासूबाईंचा आवाज आला. "अहो, इकडे सावलीत या की! भाजून निघाल!"

हाक धाकट्यांना होती. थोरले एकदा सासूबाईंच्याच अंगणात भर उन्हात पट्टी ठोकत होते, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय कुंडीवर."

धाकटे झाडाकडे निघाले. खुंटी जागेवर राहिली. लाल फडकंही जागेवर राहिलं. थोरल्यांची नजर तेवढी धाकट्यांबरोबर सावलीत गेली.

मग ग्रंथपालबाई बाहेर आल्या, हातात चहाचे कप घेऊन. एक सासूबाईंना, एक धाकट्यांना. थोरल्यांनी कप मोजले नाहीत, पण संपलेले दिसले. धाकटे काहीतरी म्हणाले आणि बाईंनी चष्मा काढला. आता ओरडतील, बरं झालं, असं थोरल्यांना वाटलं. बाई हसत होत्या! डोळे पुसायला काढला होता चष्मा. काय सांगतोय हा? आपल्याबद्दल असणार. पायपुसण्याचं सांगत असणार. छे, आपल्याबद्दल नसेलच, आपल्याबद्दल कोण कशाला बोलेल? हे दुसरं पहिल्यापेक्षा वाईट होतं.

धाकटे बोलत बोलत बाकाकडे गेले. थोरले बघत होते. धाकट्यांना फेऱ्या मारत, हात हवेत फिरवत गोष्ट सांगायची सवय. ते बाकाकडून कारंज्याकडे गेले, कारंज्याकडून परत आले. थोरले बघत होते. सासूबाईंची पर्स घरंगळली, ती उचलायला धाकटे धावले. थोरले बघतच होते, आणि खाली इंजिन इमानदारीने गुरगुरत होतं.

"दादा," धाकटे अगदी जवळून, हळूच म्हणाले. "इंजिन बंद करा आता."

ट्रॅक्टरचं पुढचं चाक धाकट्यांच्या बुटाला टेकलं होतं. पायऱ्या बऱ्याच लांब उजवीकडे होत्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चीर फाटकातून निघाली होती, गुलाबापर्यंत शहाण्यासारखी आली होती, तिथून झाडाकडे वळली होती, बाकाला वळसा घालून कारंज्याकडे गेली होती, तिथून भान आल्यासारखी परतली होती आणि शेवटी पर्सच्या दिशेने एक छोटी, घाईची उसळी मारून थांबली होती. धाकट्यांची अख्खी सकाळ जमिनीवर कोरून ठेवली होती.

ग्रंथपालबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. थोरल्यांनी डोळे मिटले.

"किती सुंदर," बाई म्हणाल्या.

थोरल्यांनी एक डोळा उघडला.

"सरळ कड काय, सगळीकडेच असते. ही कशी वाहतेय बघा! झाडाला भेटते, बाकाला भेटते. तुम्ही मघापासून हात फिरवून दाखवत होतात ते हेच ना?" हे धाकट्यांना.

"नाही हो बाई," धाकटे कळवळून म्हणाले. "माझा काही संबंध नाही. सगळं दादांनी केलंय."

"नम्र किती!" बाई म्हणाल्या.

"लहानपणापासून असेच आहेत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी धाकट्यांना लग्नाआधी पाहिलंही नव्हतं.

मग थोरले ट्रॅक्टरवर उभे राहिले, कंबर धरून, आणि त्यांनी जाहीर केलं, "ही माझी चूक आहे! माझी एकट्याची!"

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "आले बघा. दुसऱ्याचं कौतुक झालं की यांना वाटा हवा."

पट्टी बायकोने बसवली. हातोडा घेऊन ती वळणावळणाने ठोकत गेली, शेजारी थोरले भिंतीसारखे उभे. बाकाशी ती थांबली. "इथे धाकट्यांनी फेरी मारली ना? आणि इथे चहाचा शेवटचा घोट घेतला." पुढे सरकली. "इथे आईची पर्स पडली."

"तुला कसं कळलं?"

"वाचता येतं मला." तिने दोन ठोके जरा जोरात हाणले. "माझ्यामागे नाही हो असे कधी वळलात. मी कारंज्यात पडले असते तरी तुम्ही सरळच गेला असता."

 थोरल्यांनी पायाने माती दाबली.

उद्घाटनाला आलेल्यांनी खोली कमी पाहिली, कड जास्त. जो तो धाकट्यांना गाठू लागला. आम्हाला पण तशीच हवी, वाहणारी. धाकट्यांनी एका बंगल्यात प्रयत्न करून पाहिला आणि संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने थोरल्यांकडे आले.

"दादा, लोकांना तसली हवीय, आणि मला जमत नाही. काही केलं तरी माझी सरळच येते."

थोरल्यांनी ऐकलं. केस, गळा, आई आणि आता हेही.

"सरळच येते?" त्यांनी खात्री करून घेतली.

"दोरीसारखी. तुम्ही चला ना चालवायला. मी नुसता आजूबाजूला फिरतो, चहा पीत. आईंनाही आणतो."

थोरले उठले, आत गेले, पायपुसणं ओलांडताना ते तिरकं आहे हे त्यांनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं. मग टेबलाशी बसून त्यांनी कागदाला पट्टी लावून सरळ समास आखला आणि खालील अर्ज लिहिला:

"मा. ग्रंथपाल यांसी सविनय सादर.

विषय: वाकडेपणा अर्जदाराच्या नावे करून मिळणेबाबत.

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या आवारातील हिरवळीची कड ही नक्षी नसून चूक आहे, व ती सर्वस्वी अर्जदाराने स्वतःच्या डोळ्यांनी केलेली आहे. गुलाबाच्या वाफ्यापर्यंतचा भाग सरळ असून तोही अर्जदाराचाच आहे, याची कोणीही दखल घेतलेली नाही. तरी सदर चूक तत्काळ अर्जदाराच्या नावे लावण्यात यावी; धाकटे साडू यांस आपल्या आवारात नम्रपणे वागण्यास मनाई करण्यात यावी; आणि अर्जदाराच्या सासूबाईंनी अर्जदारास किमान एकदा, आपणहून, सावलीत बोलवावे, असा आदेश आपल्या स्तरावरून काढण्यात यावा, ही नम्र विनंती."