सोमवारी जेवत नाही

परिषद साडेनऊला सुरू व्हायची होती, म्हणजे अकराला झाली. व्यासपीठावर नऊ खुर्च्या, खाली पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव, आणि ज्यांच्या कामासाठी हे सगळं मांडलं होतं ती मुलं मागे भिंतीला टेकून उभी. समई पेटवायला चौघे डॉक्टर पुढे झाले. डोक्यावर पंखा गरगरत होता. ज्योत तीनदा विझली. पंखा बंद करावा हे चौघांतल्या एकालाही सुचलं नाही. शेवटी शिपाई केरू उठला आणि बटण दाबून आला. मग संशोधक वृत्ती म्हणजे काय, यावर पाऊण तास भाषणं झाली.

२००३ सालच्या श्रावणातला सोमवार होता तो. पदवीच्या मुलांनी केलेलं आरोग्यविषयक संशोधन मांडायची विद्यापीठाची परिषद रत्नागिरीत पहिल्यांदाच भरत होती. मी उपकेंद्राची नर्स, गुहागरकडच्या चार वाड्या माझ्याकडे. माझं काय काम तिथे? तर शेवटच्या वर्षाची अवनी मे महिन्यात पंधरा दिवस माझ्याबरोबर हिंडली होती, बायकांचं रक्त तपासत आणि छापील प्रश्न विचारत. मुलगी सरळ. उन्हात सड्याच्या उघड्या कातळावरून चालताना चपलेचा अंगठा तुटला तर बोलली नाही, सुतळीनं बांधून चालत राहिली. पण अनोळखी मुलीला बोट टोचू कोण देणार? आमच्या अंगणवाडीच्या सखू धनावडेनं पहिल्या दिवशी स्वतःचं बोट पुढे केलं, तेव्हा बाकीच्या आल्या. म्हणून अवनीनं आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. सखू पहाटेच्या एस.टी.नं आली होती, नव्या लुगड्याची घडी मोडून.

उद्घाटन आटोपल्यावर आम्ही व्हरांड्यात लावलेले तक्ते बघायला गेलो. अवनीच्या तक्त्यापाशी सखू थांबली.

"बाय, ह्या आमच्याच गावाचा नाव हाय ना?"

होतं. गावाच्या नावाखाली एक तांबडा खांब काढला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस जेवणावाचून राहणाऱ्या स्त्रिया : ६८ टक्के.' निष्कर्षात आणखी पुढे : 'तीव्र अन्नटंचाई. अंगणवाडीचा पूरक आहार घरांपर्यंत पोचत नसण्याची शक्यता.'

मी ते दोनदा वाचलं. फॉर्मवरचा प्रश्न मला आठवला : 'आठवड्यातून किती दिवस जेवत नाही?' आणि बायकांची उत्तरंही आठवली. सोमवारी जेवत नाही. गुरुवारी जेवत नाही. अहो, आमच्याकडे जेवण म्हणजे भात. उपासाच्या दिवशी बाई जेवत नाही, ती फराळ करते. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळी, खोबरं, दूध, केळी, इतकं सगळं पोटात गेलं तरी शेजारणीनं विचारलं तर ती सांगणार, 'आज जेवत नाही गं.' हे कळायला शास्त्र शिकावं लागत नाही. न कळायला मात्र बरंच शिकावं लागत असणार.

रक्त कमी होतं, ते खरंच होतं. लोहाच्या गोळ्या चार महिने आल्या नव्हत्या. ते मी अवनीला वहीत लिहून दिलं होतं. तक्त्यावर ते कुठेच नव्हतं. गोळ्यांचा तांबडा खांब काढता येत नसावा.

तेवढ्यात बालविकासचे साहेब, हरिश्चंद्र साळवी, तिथे आले. परिषदेचा बिल्ला शर्टाला, हातात डायरी. त्यांनी तक्ता वाचला आणि मग सखूकडे पाहिलं.

"धनावडे, हे काय? आहार जातो कुठे?"

"सायेब, आमी जेवत नाय म्हंजे काय, की..."

"म्हणजे जेवत नाही हे कबूल आहे."

"तसा नाय वो सायेब!"

साहेबांनी डायरीत लिहून घेतलं. "आज संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा. नाहीतर तुमच्या जागी दुसरी सेविका बघावी लागेल मला. विद्यापीठाचा आकडा आहे, गंमत नाही."

चौदा वर्षं सखूनं ती अंगणवाडी चालवली होती. छप्पर गळेल तिथे स्वतःच्या घरची माडाची झापं आणून घातली होती. साहेब त्या गावात दोनदा आले होते, त्यातल्या एकदा आंबे न्यायला.

मी अवनीला शोधलं. ती तिच्या मार्गदर्शकांजवळ, डॉक्टर सलिल यांच्याजवळ उभी होती. मी त्यांना सगळं नीट सांगितलं. माझा आवाज मुळातच लहान, त्यामुळे डॉक्टरांना दोनदा वाकावं लागलं. तेवढा त्रास झाला त्यांना.

"सिस्टर," ते म्हणाले, "ही प्रश्नावली परदेशात तपासून प्रमाणित झालेली आहे."

"आमच्या वाडीत तपासली होती का?"

"शास्त्र वाडीवाडीप्रमाणे बदलत नसतं. जेवत नाही म्हणजे जेवत नाही. भाषा सोपी आहे."

"सर, मलाही तेव्हा जरा वाटलं होतं," अवनी म्हणाली. "एक काकू समोर ताट घेऊनच बसल्या होत्या..."

"तुला वाटलं, त्याला माहिती म्हणत नाहीत. बघ, मुख्य पाहुण्यांनी आपल्याच तक्त्यासमोर फोटो काढून घेतलाय. पहिलं बक्षीस आपलं आहे. आता घोळ घालू नकोस."

अवनी मागे सरकली. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. भाषणाचा कागद तिनं चुरगळून इतका लहान केला होता, की पुन्हा उलगडून वाचायची सोय उरली नव्हती.

दीड वाजता मंडपात पानं मांडली. एका बाजूला पुरी-भाजी, वरण-भात. दुसऱ्या टेबलावर पाटी : 'उपासाचे'. मी उपास दिवेलागणीनंतरच सोडते, म्हणून सखूला तिथे घेऊन गेले आणि स्वतः नुसती बाजूला उभी राहिले. डॉक्टर सलिल रांगेत आमच्या पुढेच होते. ताटात साबुदाण्याची खिचडी, दोन वडे, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, वाटीत श्रीखंड. वर केळं. ताट कलंडू नये म्हणून त्यांनी ते छातीशी धरलं होतं.

बिल्ला लावलेली एक मुलगी धावत आली. "सर, तुमचं जेवण राहिलंय! तिकडे पान वाढलंय."

"नको गं," डॉक्टर म्हणाले, "आज सोमवार. मी जेवत नाही."

सखूनं माझ्याकडे पाहिलं. मी अवनीकडे पाहिलं. ती डॉक्टरांच्या मागेच ताट घेऊन उभी होती आणि तिनं ते शब्द ऐकले होते. तिचं ताट रिकामंच राहिलं.

दुपारच्या सत्रात अर्धं सभागृह पेंगत होतं. अवनीचा नंबर तिसरा. तिनं रक्ताचे आकडे नीट सांगितले. भिंतीवर तांबडा खांब आला, तशी ती थांबली. पहिल्या रांगेतून डॉक्टर सलिल मान हलवत होते, पुढे चल म्हणून. तिनं तो आकडा वाचला, आणि भाषण संपवलं. टाळ्या झाल्या. साळवी साहेबांनीही वाजवल्या, डायरी काखेत धरून.

"प्रश्न?" अध्यक्षांनी विचारलं. विचारण्यापुरतंच विचारलं.

मी उठले. माइक माझ्यापर्यंत येईतो सगळे मागे वळून बघू लागले.

"प्रश्न मार्गदर्शकांना आहे," मी म्हटलं. "डॉक्टर, आज जेवलात का आपण?"

"अं? नाही, आज सोमवार, मी..."

तिथेच ते थांबले. शर्टावर श्रीखंडाचा डाग होता.

"म्हणजे तुम्हीही त्या अडुसष्ट टक्क्यांतच," मी म्हटलं. "तुमचा आहार कोण खातो, ते साहेबांनी एकदा बघावं."

आधी मागची मुलं हसली. मग उपासाच्या टेबलावर जेवलेली अर्धी मंडळी हसली, स्वतःच्या पोटावर हात ठेवून. अध्यक्षांना काही समजलं नाही. शेजाऱ्यानं कानात सांगितल्यावर तेही हसले, आणि मग हसल्याबद्दल गंभीर झाले. डॉक्टर सलिल उठून म्हणाले, "हा उपहास आहे, प्रश्न नव्हे." अवनी अजून माइकपाशीच होती. ती म्हणाली, "सर, आकडा चुकीचा आहे. मी बायकांना काय खाल्लंत ते विचारलंच नव्हतं."

इतकं झाल्यावर साहेबांनी डायरीतली ओळ खोडावी, एवढंच उरलं होतं. सभागृहाबाहेर आम्ही त्यांना गाठलं.

"ते ठीक आहे हो," ते म्हणाले, "पण एकदा लिहिलंय. तोंडी कसं रद्द करणार? कागद हवा."

ज्या माणसाला चूक लिहून घ्यायला तक्ता पुरला, त्याला ती पुसायला कागद हवा होता.

अवनीनं बॅगेतून वही काढली. डॉक्टर सलिल मागोमाग आलेच. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"लेखी दिलंस तर पेपर मागे घ्यावा लागेल. बक्षीस गेलं. आणि पुढच्या प्रवेशाच्या शिफारसपत्रासाठी माझ्या दारात यायचं नाही."

"नाही येणार, सर," अवनी म्हणाली.

व्हरांड्याच्या कठड्यावर वही ठेवून ती लिहायला बसली. प्रश्नात 'जेवण' या शब्दाचा अर्थ चुकला, या गावातल्या स्त्रिया उपासाच्या दिवशी फराळ करतात, पूरक आहाराविषयीचा निष्कर्ष निराधार आहे. खाली नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. मग जरा थांबून तिनं आणखी एक ओळ घातली : 'लोहाच्या गोळ्या चार महिने आल्या नव्हत्या, ही नोंद माझ्याकडून राहिली.' ते वाचून साहेबांचा चेहरा आंबला, आता गोळ्यांचंही वर कळवावं लागणार होतं. पण कागद मागितला होता त्यांनीच.

आत बक्षिसं पुकारली जात होती. पहिलं कोणाला मिळालं ते मी ऐकलं नाही. टाळ्या ऐकू आल्या. त्या सकाळपासून सगळ्याच गोष्टींना तितक्याच पडत होत्या.

साहेब वहीतून फाडून दिलेला कागद डायरीत सरकवून निघाले, तशी सखू आडवी आली.

"सायेब, पोच द्या."

"अहो बाई, देतो की उद्या कार्यालयातून."

"उद्या नको. चौदा वर्सा तुमची कागदा बघतेय मी. ह्या वहीतच द्या."

साहेबांनी अवनीचं पेन घेतलं, 'मिळाला' असं लिहिलं आणि सही केली. सखूनं वही उजेडाकडे धरून ते अक्षर न् अक्षर वाचलं, आणि परत त्यांच्यापुढे केली.

"तारीख ऱ्हायली, सायेब," ती म्हणाली.