बर्फातलं तोंड

सिद्धूचा फोटो घरी आला आणि मुक्ताबाईंची झोप उडाली. खरं तर आधी आनंदच झाला होता. ब्याण्णव सालचा हिवाळा. पोरगा वर काश्मिरात, बर्फातल्या ठाण्यावर. फौजेच्या कॅन्टीनमधून घेतलेला, मुठीत मावेल असा प्लॅस्टिकचा कॅमेरा त्याने बरोबर नेला होता आणि त्यावरच काढलेला हा काळा-पांढरा फोटो. सोबत निगेटिव्हचा तुकडाही धाडला होता, मोठा करून घ्यायचा तर असावा म्हणून. सून मायाने चिठ्ठी वाचून दाखवली. बर्फ कमरेएवढा पडलाय, मी बरा आहे, काळजी करू नका. आता ‘मी बरा आहे’ म्हणणाऱ्या पोरावर विश्वास ठेवील ती आई कसली?

फोटोत बर्फ तेवढा झकास आला होता. तंबूवर बर्फ, दोरावर बर्फ, उभ्या माणसाच्या मांडीपर्यंत बर्फ. नव्हतं ते तोंड. कानटोपीच्या खाली नुसता काळा गोळा. शेजारणी येऊन बघून गेल्या, लय भारी आलाय म्हणाल्या. मुक्ताबाई मनात म्हणाल्या, डोंबल आलाय भारी.

तरी त्यांनी तो फोटो भिंतीवर लावला आणि दर शनिवारी तिन्हीसांजेला त्याच्यावरून मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरून चुलीत टाकू लागल्या. मिरच्यांचा असा ठसका उठायचा की माया खोकत अंगणात पळायची. ठसका उठला म्हणजे दृष्ट नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मुक्ताबाईंचा जीव थाऱ्यावर येईना. रांधता रांधता उठायच्या, फोटो उजेडात धरायच्या, पुन्हा लावायच्या. शेवटी एका रविवारी सकाळीच निगेटिव्ह पदरात बांधून मायाला घेऊन त्या उंब्रजला गेल्या.

तिथे भाऊसोचा स्टुडिओ. त्याने निगेटिव्ह दिव्यापुढे धरलं आणि सांगितलं, की चहूकडून बर्फाचा उजेड आला की साधा कॅमेरा भुलतो आणि माणूस काळा पडतो. तोंड उजळ काढता येईल, पण मग बर्फ दिसायचा नाही, कागद कोराच राहील. मुक्ताबाई म्हणाल्या, बर्फ काय चाटायचाय?

भाऊसो आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला. बाहेर मुक्ताबाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. तो ओला फोटो घेऊन आला तेव्हा बर्फ खरोखरच गेला होता आणि तोंड वर आलं होतं. नाकाची कातडी सोललेली, ओठ चिरलेले, गालफडं बसलेली. मुक्ताबाईंनी फोटो दाराच्या उजेडात नेला. मग त्यांनी नीट बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हा सिद्धू नव्हताच. हा त्याचा फौजेतला जोडीदार, सांगलीच्या विश्रामबागचा लालासाहेब. गेल्या दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा त्यांच्याच घरी जेवून गेला होता.

“आपला न्हवं गं,” त्या मायाला म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

हसू एसटी स्टँडपर्यंतही टिकलं नाही. आपला फोटो सोडून पोरगं दुसऱ्याचा का धाडतं? धाडण्यासारखं तोंड राहिलं नसलं तर? मायाच्याही मनात तेच आलं असणार, कारण तिने त्यांचा हात घट्ट धरला. मुक्ताबाई घरच्या, पाटणच्या गाडीकडे वळल्याच नाहीत. समोर सांगलीची गाडी लागली होती, लालासाहेबच्या घरी तरी खरं काय ते कळेल म्हणून तीत चढल्या. वाटेत दर थांब्याला उठून उभ्या राहायच्या. कंडक्टर वैतागून म्हणाला, की मावशी, सांगली पळून जात नाही.

लालासाहेबची आई विजयमाला ऑफिसात कारकून होती, रविवार म्हणून घरी सापडली. बाहेरच्या खोलीत बुद्धांच्या तसबिरीशेजारी एक फोटो होता, पुढे मेणबत्ती. बर्फ आणि काळ्या तोंडाचा एक जवान. हा आमचा लाला, असं ती कौतुकाने सांगू लागली. मुक्ताबाईंना ओळखायला तोंड लागलंच नाही. डावा खांदा उतरता टाकून उभं राहायची खोड लहानपणापासूनची, किती धपाटे घातले तरी न गेलेली.

“ह्यो माझा सिद्धू हाय,” त्या म्हणाल्या आणि त्या उतरत्या खांद्यावर बोट ठेवलं.

विजयमाला फोटोजवळ गेली, बघितलं आणि हसायलाच लागली. चारच दिवसांपूर्वी लालाचा ऑफिसात फोन आला होता. दोघं ठीक आहेत. दोघांनी एकमेकांचे फोटो काढले आणि कोणता कुणाचा हे दोघांनाही ओळखू येईना, म्हणून अंदाजानं पाकिटात घातले, असं तो सांगत होता; तरी आपल्याकडे आपलाच आला, असं तिने धरलं होतं. मायाने डोळे पुसले. चहा झाला.

“म्हंजी इतके शनिवार मी तुमच्या पोराची दृष्ट काढली,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“आमच्यात काढत नाहीत, ताई. पण निघालीच आहे, तर राहू द्या.”

दोघी पोट धरून हसल्या. त्याच हसण्याच्या भरात मुक्ताबाईंनी पिशवीतून भाऊसोने उजळलेला फोटो काढून पुढे केला. विजयमालाचं हसू थांबलं. तिने लेकाच्या सोललेल्या नाकावरून बोट फिरवलं.

“फोनवर ठणठणीत आहे म्हणाला हो,” ती म्हणाली.

मुक्ताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच तोंड बघून सकाळी आपण हसलो होतो. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. निघताना विजयमालाने सिद्धूचा फोटो आणि त्याच्याबरोबर आलेलं निगेटिव्ह त्यांच्या हाती दिलं आणि बजावलं, की हा असाच काळा राहू द्या, ताई, उजळून बघू नका.

परतताना दिवस कलला होता. उंब्रजला मुक्ताबाई थेट स्टुडिओकडे निघाल्या. मायाने पदर धरला. त्या बाईंनी नको म्हणून सांगितलंय, आपण घरी जाऊ, असं ती विनवत होती. भाऊसो फळ्या लावत होता. त्यानेही विचारलं, की एवढी घाई कसली, उद्या केलं तर चालणार नाही का.

“आत्ता काढा,” मुक्ताबाई म्हणाल्या. “सोललेलं असंल तर सोललेलं. दुसरीचं पोर तसं बघून मी हासले. आता माझं बघाया नगं म्हनू व्हय?”

भाऊसोने लावलेली फळी पुन्हा काढली आणि निगेटिव्ह घेऊन तो आत गेला.