दुधीचे कोफ्ते

मुकुंदवाडीतल्या त्या घरात भाजीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी कधी जमिनीवरूनही झाली नव्हती. सर्जेरावांना जाळ रस्सा लागायचा. त्यांचा मुलगा सुदर्शन दोडका, दुधी, भोपळा या सगळ्यांना सरसकट 'आजाऱ्याचं खाणं' म्हणायचा. दुसरीतली संस्कृती बटाट्याशिवाय कशाला हात लावायची नाही, आणि सर्जेरावांची साखर बघून डॉक्टरांनी बटाटाच कमी करायला सांगितलेला. रोज सकाळी ओट्यापाशी उभं राहिलं की आज काय करावं, हे सून अमृताला सुचायचं नाही.

होळीच्या सुमारास एकदा फार झालं. सुदर्शनचे बिडकीनच्या कंपनीतले मित्र जेवायला आले होते. अमृतानं गिलक्याची भाजी केली होती. सुदर्शननं एक घास खाल्ला आणि ताट पुढं सरकवलं. "हे काय, म्हशीला घातल्यासारखं!"

मित्र हसले. अमृतानं ताट उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी संस्कृतीला घेऊन ती अजिंठ्याला माहेरी निघून गेली.

तिला आणायला सुदर्शन गेला नाही, सर्जेराव गेले. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं. "आजपासून ह्या घरात ताटाला कुणी नावं ठेवायची नाय. खारट असू दे, अळणी असू दे. वाढलं ते मुकाट खायचं. मी बी खाईन."

त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. आणि नवल म्हणजे टोमणे थांबले तसा अमृताचा हात मोकळा झाला. पालक थालीपिठात गेला, कोबी मुटक्यांत गेला, दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी झाली. एकदा तिनं दुधी किसून, बेसन लावून आप्पेपात्रात कोफ्ते केले आणि दाण्याच्या रश्श्यात सोडले. संस्कृतीनं मागून मागून खाल्ले. सुदर्शननं भाकरीनं ताट पुसून घेतलं. त्या दिवशी अमृता कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी मांडत, मनाशी हसत राहिली.

दुधी घरचाच होता. सासू वच्छलाबाईंनी कुंपणावर वेल चढवला होता. मे महिन्यात नळाचं पाणी आठवड्यावर गेलं, तेव्हा त्या भांडी विसळलेलं पाणी वेलाला घालायच्या. दुपारी पानं माना टाकायची, तरी वेलानं आणखी दोन दुधी धरले. वच्छलाबाई शेजारणींना बोलावून ते दाखवायच्या.

मेमधल्याच एका रविवारी चतुर्थी होती. घरात उपास एकट्या अमृताचा. सकाळी वच्छलाबाईंनी दुधी तोडून आणला आणि सगळे म्हणाले, कोफ्ते कर. अमृतानं दुधी किसला, कीस घट्ट पिळला. निघालेलं पाणी टाकायचं तिच्या जिवावर आलं. सकाळी सोबत फिरायला येणाऱ्या कुणीतरी सर्जेरावांना सांगितलं होतं की साखरेला दुधीचा रस चांगला. तिनं पेलाभर रस त्यांना दिला आणि उरलेला रश्श्यात घातला.

सर्जेरावांनी पेला एका दमात रिकामा केला. त्यांचा चेहरा आवळला.

"कसा होता, नाना?"

"ब्येस," ते म्हणाले आणि पाणी मागितलं.

सगळे जेवायला बसले. अमृता वाढत होती. आज कुणी बोलत नव्हतं. सुदर्शन घासागणिक दही कालवत होता. वच्छलाबाईंनी एक कोफ्ता संपवला आणि त्या भाकरी नुसतीच चघळत बसल्या. संस्कृतीनं घास तोंडात घातला आणि तो परत ताटात काढला.

"मम्मी, कडू लागतंय."

"संस्कृती!" सर्जेराव म्हणाले. "काय ठरलंय आपलं?"

"पण आजोबा, खरंच कडू..."

"खा मुकाट्यानं."

अमृता वाढता वाढता थांबली. कित्येक आठवड्यांनी तिच्या जेवणाला पहिल्यांदा कुणी वाईट म्हटलं होतं. तिला राग आला, तोही पोरीचाच. "गेल्या वेळी मागून खाल्लेस ना? आता काय झालं? संपव ते." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कोफ्त्याचा तुकडा पुन्हा उचलला.

तेवढ्यात अमृताची नजर सुदर्शनकडे गेली. त्यानं घास तोंडात टाकला, चावला नाही, वर घोटभर पाणी प्यायला आणि गोळीसारखा गिळला.

तिनं पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. उपासाचा विचारही मनात आला नाही. जिभेपासून घशापर्यंत एक कडू जाळ उतरत गेला. कडुनिंबाचा पालासुद्धा इतका कडू नसतो. ती मोरीकडे धावली, थुंकली आणि तिथूनच ओरडली, "कुणी खाऊ नका! ठेवा ते! संस्कृती, टाक!"

तिनं पोरीच्या हातातला तुकडा हिसकावला, ताटं ओढून घेतली. "अहो, एवढं कडू आहे, कुणी सांगितलं का नाही मला?"

 सर्जेराव उठायला गेले आणि भिंतीला धरून तिथंच वाकले. पहिली उलटी झाली. मग दुसरी. तिसरीत रक्त दिसलं, तेव्हा वच्छलाबाईंनी किंकाळी फोडली.

समोरच्या रिक्षावाल्यानं सगळ्यांना कोंबून घेतलं. जालना रोडवरच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सुदर्शनलाही उलट्या सुरू झाल्या होत्या आणि वच्छलाबाई पोट धरून बसल्या होत्या. संस्कृतीच्या पोटात काही गेलं नव्हतं. ती आईच्या पदराला घट्ट धरून होती.

तरुण डॉक्टरीणबाईंनी काय खाल्लं ते विचारलं, आणि रसाचं ऐकताच त्यांचा आवाज बदलला. "कडू दुधी विषारी असतो. रस किती प्यायले?"

"पेलाभर."

"ब्लडप्रेशर फार खाली गेलंय. ह्याला उतारा असा नाही. सलाइन, औषधं, आणि वाट बघायची." त्या वळता वळता म्हणाल्या, "पोलिसांना कळवावं लागेल. विषबाधेची केस आहे."

सर्जेरावांना आत नेलं. सुदर्शन आणि वच्छलाबाईंना बाहेरच्या वॉर्डात शेजारी शेजारी खाटा मिळाल्या, दोघांच्या हाताला सलाइन. बिडकीनहून सर्जेरावांच्या थोरल्या बहीण दगडाबाई आल्या. काचेतून भावाला पाहून त्या बाहेर आल्या आणि अमृताला खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिल्या.

"सगळी आडवी झाली, अन् तू तेवढी धडधाकट?"

"माझी चतुर्थी होती, आत्याबाई."

"व्हय का? बरा आला उपास."

 अमृतानं सुदर्शनच्या खाटेकडे पाहिलं. तो डोळे मिटून पडला होता, पण जागा होता. पापण्या हलत होत्या.

थोड्या वेळानं चौकीतला हवालदार आला. आधी तो बाहेर दगडाबाईंशी बोलला, मग खुर्ची ओढून अमृतासमोर बसला.

"जेवण कोणी केलं?"

"मी."

"तुम्ही खाल्लं?"

"नाही. फक्त बोट लावून पाहिलं, शेवटी."

"म्हणजे सगळ्यांचं खाऊन झाल्यावर." तो लिहीत होता. "सासऱ्यांना रस वेगळा काढून दिला?"

"हो, पण..."

"मध्यंतरी भांडून माहेरी गेला होता म्हणे?"

 आपलं प्रत्येक उत्तर खरं आहे आणि प्रत्येक उत्तरानं आपण आणखी खोल जातोय, हे अमृताला दिसत होतं. ती पुन्हा सुदर्शनकडे वळली. आता त्याचे डोळे उघडे होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, आणि डोळे पुन्हा मिटून घेतले. संस्कृती मात्र रडत म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, कडू आहे म्हणून." हवालदारानं तेही लिहून घेतलं.

"थांबा, साहेब."

वच्छलाबाई खाटेवरून उतरल्या होत्या. एका हातानं सलाइनची बाटली वर धरून, भिंतीच्या आधारानं त्या येत होत्या. नर्स ओरडली, त्यांनी लक्ष दिलं नाही.

"वेल माझाय. दुधी म्या तोडला. फोड चाखल्याबिगर दुधी शिजवू नये, हे मला लहानपणापासून ठावं हाय. तिचा उपास होता, चाखायचं काम माझं होतं. अन् मला पहिल्याच घासाला कळलं, साहेब. दुधी कडू निघाला, हे कळलं."

"मग बोलला का नाही?"

त्यांच्या हातातली बाटली खाली येऊ लागली. अमृतानं पुढं होऊन बाटली धरली.

"लाज वाटली. साऱ्या गल्लीला वेल दाखवला होता म्या. अन् वाटलं, बोलले तर सून म्हणंल, सासूनं पुन्हा नावं ठेवायला सुरुवात केली. ती परत निघून गेली तर? मालकानं पेला पिला, तवा बी त्यांच्या तोंडाकडं बघून मला शंका आली होती. म्या गप बसले." त्या दगडाबाईंकडे वळल्या. "वन्सं, तुमच्या भावाला काय झालं तर माझ्यावर घाला. हिच्यावर नाय."

दगडाबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. हवालदारानं आधीचं पान बाजूला सारलं आणि जबाब पहिल्यापासून लिहायला घेतला. संध्याकाळी घरी जाऊन त्यानं उरलेला रस्सा आणि वेलावरचा दुसरा दुधी ताब्यात घेतला.

सकाळी सर्जेरावांचं ब्लडप्रेशर सावरलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा अमृता पहिल्यांदा रडली. तिला आत सोडलं. सर्जेरावांच्या ओठांना चिरा पडल्या होत्या.

"औषध कडूच असतं असं वाटलं," ते हळूच म्हणाले. "पोरीवर उगाच डाफरलो. तिला सांग, आजोबा चुकला."

सुदर्शनला दुपारी सोडलं. जिन्यात तो थांबला. "मी बोलायला पाहिजे होतं."

"कधी?" अमृतानं विचारलं. "ताटावर, का हवालदारासमोर?"

 तिनं संस्कृतीचा हात धरला आणि ती पुढं उतरून गेली.

तपासणीत दुधीच कडू निघाला आणि पोलिसांचं प्रकरण मिटलं. सर्जेराव घरी आले, आणि जेवताना पुन्हा बोलणं सुरू झालं. मीठ जास्त, तिखट कमी, सगळं. सुदर्शन आता कामावरून येताना शहागंजातून भाजी आणायचा आणि सगळ्यांच्या आधी चाखायचा. अमृता त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. ते दोघांनाही जाणवत होतं.

एका रविवारी दगडाबाई पिशवीभर शेपू आणि कोवळी वांगी घेऊन आल्या. झालेल्या गोष्टीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. जमिनीवर बसून शेपू निवडला, वांगी चिरून पाण्यात टाकली. अमृतानं मुगाची डाळ घालून शेपू केला, वांग्याचं कालवण केलं. भाकऱ्या दगडाबाईंनीच थापल्या.

ताटं मांडली. दगडाबाईंनी भाकरी मोडली, शेपू घेतला, कालवण पुन्हा मागितलं. मग शेजारची जागा हातानं झाडून त्या म्हणाल्या, "तू बी बस गं. वाढून घेऊ आपलं आपण."

 अमृतानं आपलं ताट घेतलं आणि ती पलीकडे वच्छलाबाईंच्या बाजूला जाऊन बसली.