रिस्तिनच्या खिशातली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. चाकं मला नाहीत. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा आणि पोटात टू-स्ट्रोक इंजिन. नॉर्वेच्या उत्तर टोकाला रेनडियर पाळणाऱ्या सामी जमातीतल्या रिस्तिन नावाच्या बाईने मला कोरी करकरीत घेतली आणि तिच्या रेनडियरांबरोबर मी कित्येक हिवाळे धावले. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं.

मग मी तिच्या भाच्याच्या, माहत्तेच्या, हाती आले. त्याला ईस्टरच्या शर्यतीचं भारी वेड. त्याने माझ्या सिलिंडरांची मूळ झाकणं काढून तासलेली बसवली आणि पेट्रोल सोडणारं जेट बारीक केलं. मी सुसाट पळाले, दुसरी आले. त्याने अडगळ म्हणून फेकलेली जुनी झाकणं रिस्तिनने उचलली आणि तंबूची कड दाबायला ठेवली.

पुढच्या वसंतात कळप किनाऱ्याकडे निघाला. माद्या गाभण होत्या. नदीवरचा बर्फ फुटण्याआधी पलीकडे पोचलो नाही, तर पाडसं वाटेतच जन्मून गारठणार होती. माहत्ते माझ्यावर बसून पुढे, मागे गळ्यात घंटा बांधलेला म्होरक्या रेनडियर, त्याच्यामागे कळप आणि सगळ्यांच्या शेवटी स्कीवर रिस्तिन.

एके दिवशी थंडीचा कडाका पुन्हा वाढला. चढावर माझ्या पोटात टिण टिण सुरू झालं. कोणी आतून हातोडी मारत असावं, इतकं दुखत होतं. माहत्ते मात्र खूश. म्होरक्याची घंटा वाजतेय, म्हणजे कळप मागे आहेच, असं समजून त्याने वळून बघण्याचीही तसदी घेतली नाही. माथ्यावर पोचले आणि हिसके देऊन बंद पडले.

बऱ्याच वेळाने रिस्तिन कळप घेऊन आली.

"मागे बघायचं तरी होतंस. आम्ही कुठल्या कुठे राहिलो."

"घंटा ऐकत होतो ना, आत्या. सारखी वाजत होती."

रिस्तिनने खिशातून घंटा काढून त्याच्यापुढे धरली. "ही? हिचा पट्टा सकाळीच तुटला. मग वाजत काय होतं, शहाण्या?"

माहत्तेचा चेहरा उतरला. त्याने प्लग काढला. पांढऱ्या पडलेल्या टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक कण चमकत होते. झाकण उघडलं, तर पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी. तासलेल्या झाकणाखाली दाब वाढला होता, थंडीतल्या दाट हवेला पेट्रोल कमी पडत होतं. ते नीट जळण्याऐवजी आपोआप भडकायचं आणि दर भडक्याला पिस्टनवर घाव बसून टिण वाजायचं. पिस्टनभोवतीच्या रिंगा शाबूत होत्या, म्हणून मी वाचले.

रिस्तिनने तंबूच्या सामानातून जुनी झाकणं आणली. "घे. अडगळ म्हणाला होतास ना?"

माहत्तेने मान खाली घालून ती बसवली, पिस्टनची कड घासून गुळगुळीत केली, हत्यारांच्या पेटीतलं मूळचं मोठं जेट घातलं. मी रमतगमत निघाले. नदीचा बर्फ पायाखाली करकरत होता, पण शेवटची मादीही पलीकडे पोचली. पहिलं पाडस कोरड्या शेवाळावर जन्मलं, तेव्हा मला फार आनंद झाला.

मित्रांनो, आता मला शर्यतीत कोणी विचारत नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. एवढंच सांगते, तुमच्या घरातलं एखादं यंत्र कण्हू लागलं, तर त्या आवाजाचा आपल्या सोयीचा अर्थ लावू नका. माहत्ते आता प्रत्येक चढावर वेग कमी करतो. आधी माझ्या पोटाकडे कान देतो आणि माथ्यावर मला बंद करून मग म्होरक्याच्या गळ्यात पुन्हा बांधलेल्या घंटेकडे.