आठ दिवसांची निळाई

मी एक जुना शाईपेन आहे, मित्रांनो. माझ्या टोपणाला चीर गेली आहे, अंगावरची चकाकी केव्हाच उतरली आहे. पण निब अजून सरळ आहे आणि ती सोन्याची आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हातारपणी एवढी फुशारकी चालवून घ्या.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. लेथवर फिरवून माझं काळं पोट घडवलं गेलं, निबेखाली बारीक खाचांची जीभ बसवली गेली. मग एका बाईने कागदावर आठाचे आकडे गिरवून माझी परीक्षा घेतली आणि डबीवर शेरा लिहिला, "जरा ओला लिहितो." शाई जास्त सोडतो, हा शेरा मला तेव्हा झोंबला होता. पुढे कळलं की माझ्या नशिबात जी शाई होती, तिला ओला लिहिणाराच लागतो.

मला विकत घेतलं एका तरुण कारकुनाने. जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयात त्याला नुकतीच नोकरी लागली होती. दोन खिडक्या, एक लांब टेबल आणि भिंतीला लोखंडी कपाटं. कपाटांत हातभर लांबीच्या नोंदवह्या. तिथला नियम कडक होता. नोंद करायची ती हिराकशीच्या शाईतच. मायफळ आणि हिराकस नावाचा लोखंडाचा क्षार यांपासून ही शाई बनते. कागदावर उतरते तेव्हा ती निळी असते. हवा लागली की गडद होत जाते आणि आठ दिवसांत काळी होते. मग ती कागदाच्या अंगात अशी मुरते की पाणी ओतलं तरी हलत नाही. लिहून ठेवण्याला लोक 'पांढऱ्यावर काळं करणं' म्हणतात. मी पांढऱ्यावर निळं करायचो; काळं करायचं काम हवेचं होतं.

त्या शाईने माझ्या मालकांच्या उजव्या हाताचं बोट कायमचं डागाळलं आणि सगळे त्यांना 'काळेबोटे' म्हणू लागले. आडनाव असल्यासारखं ते नाव त्यांना चिकटलं. त्यांची एक रीत होती. नोंद झाली की ते समोरच्याला सांगायचे, "आठ दिवसांनी या. शाई काळी झाली की नक्कल देतो." ओळ निळी असेतो ते चूक दुरुस्त करून द्यायचे. एका आईने आठ दिवसांत लेकीचं नाव तीनदा बदललं. शेवटी काळेबोटे हात जोडून म्हणाले, "ताई, शाई दमली, मी दमलो, आता मुलगी तेवढी दमायची राहिलीय." ती खळखळून हसली आणि चौथं नाव कायम झालं.

मृत्यूच्या नोंदीची माणसं मात्र आठ दिवसांनी गुपचूप यायची. ओळ काळी झालेली बघायची, नक्कल घ्यायची आणि जायची. ते आठ दिवस कागदापेक्षा त्यांनाच जास्त लागत असावेत, असं मला वाटायचं.

ही शाई गुणी आहे, पण तिची मर्जी सांभाळावी लागते. ती आंबट असते. साध्या लोखंडी निबेला ती वर्षभरात खाते आणि पोटात वाळली तर दगडासारखी बसते. म्हणून दर शनिवारी काम संपलं की काळेबोटे मला खोलून एका कळकट वाडग्यात धुवायचे. आधी साधं पाणी, मग चमचाभर व्हिनेगर घातलेलं, मग पुन्हा साधं, ते नितळ निघेपर्यंत. शनिवारी त्यांची बायको लेकीला घेऊन कार्यालयात यायची आणि तिघं मिळून घरी जायची. ती दारातूनच म्हणायची, "अहो, पोरीची वेणी घालायला वेळ नसतो, आणि पेनाला तीन पाण्यांनी आंघोळ!" कुणी बोटावरून चेष्टा केली तर तिचं उत्तर तयार असे, "तोंड काळं करणारे पुष्कळ बघितलेत. आमच्या ह्यांनी निदान बोटावर भागवलंय."

ती बाई अवघ्या नऊ दिवसांच्या आजारात गेली.

नोंद करायला दुसरं कुणी नव्हतं. काळेबोटे सकाळी कार्यालयात आले, वही उघडली आणि मला हातात घेतलं. मग उठले आणि मला धुवायला लागले. शनिवार नव्हता, तरी धुतलं. चार पाणी, पाच पाणी. हिराकशीचा एक थेंबही माझ्या पोटात राहू दिला नाही. नंतर पिशवीतून शाळकरी लेकीची दौत काढली. साधी निळी शाई, कपड्यावर सांडली तर एका धुण्यात जाणारी. ती त्यांनी माझ्यात भरली.

मी काय करणार? पेनाला नाही म्हणता येत नाही. ज्या बाईला त्यांनी उभ्या आयुष्यात "अगं" म्हणूनच हाक मारली, तिचं पूर्ण नाव त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. ओळ निळी होती. आठ दिवसांनीही ती निळीच राहिली. रोज सकाळी ते तिचं पान उघडायचे आणि हलक्या हाताने मिटायचे. काळी न झालेली नोंद पक्की नसते, हीच त्यांची रीत होती ना!

मला धुवून ती निळी शाई फेकून देणं त्यांच्याच्याने झालं नाही. तिच्यावरच त्यांनी पुन्हा हिराकशीची शाई ओढली. दोन शायांचं जमलं नाही. माझ्या पोटात गाठी झाल्या, जीभ बंद पडली. त्यांनी मला टेबलाच्या खणात ठेवलं आणि दुसरा पेन घेतला. मला राग आला नाही, पण फार वाईट वाटलं.

बारा वर्षं मी खणात होतो. काळेबोटे निवृत्त झाले. पुढे त्यांची लेक त्याच कार्यालयात लागली आणि त्याच टेबलाशी बसू लागली. नवीन नोंदी यंत्रावर होऊ लागल्या. जुन्या वह्या फक्त नकलांसाठी निघायच्या. एका दुपारी कुणाला तरी आपल्या आजोबांच्या नोंदीची नक्कल हवी होती. लेकीने वही उघडली, एका हाताने पाण्याची बाटली बाजूला सारली आणि झाकणातून चार थेंब पानावर पडले. तिने घाईने टिपकागद लावला. आजोबा जागच्या जागी होते. पानावरच्या सगळ्या काळ्या ओळी जागच्या जागी होत्या. एकच ओळ निळं पाणी होऊन पसरली होती. ती तिच्या आईची होती.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना कार्यालयात आणलं. वही बाहेर नेता येत नाही, म्हणून.

"बाबा, सगळ्या जगाला पक्की शाई, आणि आईलाच कच्ची?"

काळेबोटे उरलेली अक्षरं लावून बघू लागले.

"आडनावाचं अर्धं अक्षर उरलंय. पुन्हा लिहिलं नाही, तर 'वाचता येत नाही' असा शेरा मारावा लागेल मला. माझ्या हाताने. मूळ नोंद करणारा हयात असेल तर त्यानेच लिहायचं, हा नियम तुम्हीच मला शिकवलात."

"मला ती काळी झालेली बघवली नसती गं," ते म्हणाले. "निळी आहे तोवर वाटायचं, अजून दुरुस्ती होईल."

लेकीचा आवाज खाली आला. "मला वाटलं होतं, निदान वहीत तरी आई सुखरूप आहे."

तिने आपला नवा पेन पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. खण उघडून मला बाहेर काढलं. "चूक ह्याच्याकडून करवून घेतली होती. दुरुस्तीही ह्यालाच करू दे."

मित्रांनो, मला धुवायला तीन दिवस लागले. वाडगा तोच होता. माझ्या जिभेतून बारा वर्षांच्या काळ्यानिळ्या खपल्या निघाल्या. बापलेक आळीपाळीने पाणी बदलत होते. तिसऱ्या दिवशी पाणी नितळ निघालं.

मग माझ्यात हिराकशीची शाई भरली. त्यांनी लिहायला घेतलं आणि मी होता होईल तेवढा सावकाश उतरलो. नाव, वय, तारीख. खाली सही. ओळ ताजी, ओली, निळी होती. ते तिच्याकडे बघत राहिले. लेकीने डोळे पुसले, वही आपल्याकडे ओढली आणि कार्यालयातल्या आवाजात म्हणाली, "आठ दिवसांनी या. शाई काळी झाली की नक्कल देते."

ते आठ दिवसांनी नाही आले. रोज आले. रोज ओळ थोडी गडद झालेली बघितली. आठव्या दिवशी त्यांनी आपलं डागाळलेलं बोट जिभेला लावून ओलं केलं आणि त्या नावावरून फिरवलं. नाव हललं नाही. मग ते वहीवर वाकून, इतकी वर्षं जपून ठेवल्यासारखं, हळूच म्हणाले, "अगं, झाली पक्की."

तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी जुना पेन पडला असेल, तर त्याला आठवण म्हणून शाईसकट मिटून ठेवू नका. धुवा, भरा, लिहा. माणूस गेलं की आपण त्याच्या वस्तूंना हात लावायला घाबरतो, पण हात न लागल्यानेच आम्ही मरतो. आणि जे हरवून चालणार नाही, ते पक्क्या शाईत लिहा. काळं होताना बघवत नसलं, तरीही.

आज शनिवार आहे. लेकीने वाडगा भरून ठेवला आहे, आणि म्हातारबुवा बाह्या सरसावून बसले आहेत.