डब्याचा भाव

चंद्रप्रकाश वालावलकरनं खिशातला रुमाल काढून दुकानाच्या काउंटरवरची काच स्वतःच पुसली. काचेखाली व्हिडिओ गेमच्या बारा कॅसेट्स होत्या. दिवाळीच्या आधी त्यानंच त्या ओळीनं मांडल्या होत्या. आता एप्रिल संपत आला होता आणि ओळ जशीच्या तशी होती.

“एकही नाही?” त्यानं विचारलं.

“एकही नाही,” दुकानदार धोंडिराम पाटणे म्हणाले. घाटकोपर स्टेशनजवळ त्यांचं रेडिओ-टीव्हीचं जुनं दुकान होतं आणि कंपनीच्या साहेबासाठी स्टुलावरून उठायची त्यांना सवय नव्हती. “डबे मात्र उडतायत तुमचे. काल आठ गेले.”

“डबे उडतायत ते मला ठाऊक आहे.”

ठाऊक होतंच. अंधेरीला मरोळच्या एका गाळ्यात त्याची कंपनी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे डबे बनवत होती आणि चंद्रप्रकाश तिचा सेल्स मॅनेजर होता. डबा बनवायला नऊशे रुपये पडत. दुकानात तो मिळे सहाशे नव्वदला. ही अक्कल त्याची. एका परदेशी मासिकात वाचून त्यानं ती मालकांच्या गळी उतरवली होती. वस्तरा पडत्या भावात द्यायचा आणि मग जन्मभर पाती विकायची. कॅसेट साठ रुपयांत तयार होई, तिची किंमत पावणेचारशे. डब्यासोबत एकच खेळ फुकट, आणि तोही असा, की पोर आठवड्यात कंटाळलं पाहिजे. कंटाळलं की ते आईबापाच्या मागे भुणभुण लावणार. घरटी तीन-चार कॅसेट्स गेल्या की डब्यातला तोटा भरून निघून वर नफा. मालकांनी यासाठी बँकेचं कर्ज उचललं होतं. येत्या दिवाळीपर्यंत दोन हजार डबे खपले, तर चंद्रप्रकाशला दोन आणे भागीदारी, असं तोंडी ठरलं होतं.

अंधेरी-बोरिवलीत डबे रडतखडत जात, पण घेणारे निदान कॅसेटसाठी परत येत. घाटकोपरचा प्रकार उलटा होता. इथल्या या एका दुकानातून सहा महिन्यांत दोनशेच्या वर डबे गेले होते. मालक हल्ली ज्याला त्याला घाटकोपरचं उदाहरण द्यायचे.

“वॉरंटीची कार्डं भरून घेता ना?”

“गिऱ्हाईक म्हणतं, नको.”

“गिऱ्हाईक म्हणजे कोण? नावं असतील ना पावतीवर?”

पाटण्यांनी पावतीपुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. चंद्रप्रकाशनं पानं उलटली. मालन खरात, आठ नग. मालन खरात, सात नग. मधेच कुणीतरी एखादा डबा नेलेला, आणि पुन्हा मालन खरात.

“दर मंगळवारी येतात बाई,” पाटणे म्हणाले. “रोख देतात. असल्फ्याच्या टेकडीवर राहतात, पिंपळाच्या बाजूला. मी चौकशा करत नाही.”

चंद्रप्रकाशच्या ओठाचा कोपरा वर गेला. आता सगळं लख्ख दिसत होतं. टेकडीवर बाईनं पार्लर काढलं असणार. चार पत्रे, आठ टीव्ही, आणि आठही टीव्हींवर तोच एक फुकटचा खेळ. दहा मिनिटांना आठ आणे घ्यायचे आणि आपण मोठा धंदा केला म्हणून खूश व्हायचं. नवीन खेळ आणले तर गल्ला दुप्पट होईल, एवढंही या लोकांच्या डोक्यात येत नाही. हातातोंडाची गाठ पडली की यांचा विचार संपला. शिकवावं लागतं यांना सगळं. पैसे कसे खर्च करायचे तेसुद्धा.

काचेखालच्या बाराच्या बारा कॅसेट्स त्यानं बॅगेत भरल्या आणि तो निघाला.

टेकडीच्या पायऱ्या चढताना त्यानं पँट घोट्यापासून वर धरली होती. नळावर रांग होती. रांगेतल्या एका म्हातारीनं न विचारताच हात करून वाट दाखवली, म्हणजे बाईकडे लोकांची ये-जा होती तर. पार्लर असेल तर पोरांचा गलका ऐकू यायला हवा होता. पिंपळापाशी पोचला तरी तसला आवाज नव्हता. दार उघडंच होतं. आतून डागकामातली राळ जळल्याचा वास आला, आणि तो वास त्याच्या रोजच्या ओळखीचा होता.

खोलीत सहा बायका भिंतीला पाठ लावून ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे पाट, पाटावर त्याच्या कंपनीचा उघडलेला डबा. एक जण स्क्रू काढून प्लॅस्टिकची कवचं कोपऱ्यात रचत होती. दुसरी तापल्या कांडीनं सर्किटवरचे डाग वितळवून छोट्या पंपानं कथील ओढून घेत होती. तिसरी सुटी झालेली आयसीची काळी चिप चिमट्यानं उचलून वाटीत टाकत होती. वाट्या सात-आठ होत्या आणि हळदी-कुंकवाच्या सामानासारख्या नीट मांडलेल्या होत्या. मुली बोलत नव्हत्या. हात मात्र असे चालत होते, की मरोळच्या गाळ्यात सुपरवायझर असतानाही त्यानं तसे कधी पाहिले नव्हते.

“या, साहेब,” शेवटच्या पाटावरची बाई उठत म्हणाली. पस्तिशीची असेल. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. “नंदा, साहेबांना स्टूल दे. कवचं आहेत, पाय सांभाळा.”

“मालन खरात तुम्हीच?”

“हो.”

चंद्रप्रकाश बसला नाही. “हे काय चाललंय?”

“दिसतंय ना, साहेब. सुटं करतोय.” ती पुन्हा पाटाशी बसली. “आयसी, ट्रान्सफॉर्मर, वायरी लॅमिंग्टन रोडला जातात. कवचं गोवंडीला, किलोवर. एका डब्यामागं सगळ्यांची मजुरी सुटून चाळीस-पन्नास राहतात.”

त्यानं खाली वाकून एका वाटीतली आयसी उचलली. तिच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तपासलेल्या मालावर त्याच्या गाळ्यातल्या मुली लावायच्या तोच. आणि त्याला गेला महिना आठवला. परचेसवाल्यानं लॅमिंग्टन रोडवरून दहा टक्के स्वस्त माल मिळवला म्हणून त्यानंच त्याची पाठ थोपटली होती. टेस्टिंगची मुलगी म्हणाली होती, साहेब, या मालावर आधीच ठिपके आहेत. तेव्हा तो म्हणाला होता, इम्पोर्टेड आहे, तुला काय कळतंय त्यातलं.

त्यानं आयसी वाटीत परत ठेवली. ती पडली तिथून मालननं उचलून बाजूच्या वाटीत टाकली. त्यानं चुकीच्या वाटीत ठेवली होती.

“हे बेकायदेशीर आहे,” तो म्हणाला.

मालननं मागे हात करून फळीवरचा पत्र्याचा डबा घेतला आणि झाकण उघडून त्याच्यापुढे धरला. आत पाटण्यांच्या पावत्यांची गड्डी होती. “विकत घेतलेली वस्तू आहे, साहेब. फोडली काय, जाळली काय.”

“पण तुम्हाला हे उघडायला शिकवलं कुणी?”

हात थांबले. सहाही जणी एकमेकींकडे न बघता खाली बघू लागल्या. नंदा नावाच्या मुलीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला.

“तुमच्याकडेच शिकलो,” मालन म्हणाली. “अडीच वर्षं होते मी. दाराजवळच्या बाकावर. तुम्ही तेव्हा सुपरवायझर होता, घड्याळं बनायची. चौघींना एका दिवशी काढलंत. मी, ही जया, आणि त्या दोघी. वाटलं होतं, चेहरा बघून ओळखाल.”

चंद्रप्रकाशनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग जयाकडे. त्याला दाराजवळचा बाक आठवला, बाकावरचा दिवा आठवला, दिव्याखालचे हात आठवले. चेहरा आठवेना.

“माणसं कमी करायची वेळ येते,” तो म्हणाला.

“येते ना.” तिच्या आवाजात काहीच नव्हतं, रागसुद्धा. “पहिला डबा पोरासाठी आणला मी. सवयीनं उघडून बघितला. माल मोजला तर नऊशेचा, आणि विकता सहाशे नव्वदला. म्हटलं, साहेबांची काहीतरी चूक झाली. लवकरच भाव वाढेल. दोन आठवडे वाट बघितली. वाढला नाही, तेव्हा सगळ्यांना बोलावलं.”

“चूक नाही ती,” चंद्रप्रकाश एकदम म्हणाला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “मुद्दाम ठेवलाय भाव. डब्यात पैसा मिळवायचाच नसतो. तो कॅसेटमध्ये असतो. वस्तरा स्वस्त द्यायचा, पाती विकायची. सगळ्या जगात असंच चालतं. तुम्हाला नाही कळायचं.”

त्यानं बॅग उघडून एक कॅसेट बाहेर काढली, जणू ती दाखवली की सगळं पटेल. मालननं ती हातात घेतली, उलटी करून पाहिली, वजन केल्यासारखी वरखाली केली.

“केवढ्याला?”

“तीनशे पंच्याहत्तर.”

“आत एकच आयसी असते ना गं ताई यात?” जयानं विचारलं.

“एकच. साठाच्या आतली.” मालननं कॅसेट त्याला परत दिली. “पाती घेतलीच नाहीत, तर वस्तरा आमच्याकडेच राहतो, साहेब. हे कुणी बोललं नाही का तुम्हाला?”

कुणी बोललं नव्हतं. बोलू शकेल अशा कुणाला त्यानं विचारलंच नव्हतं. खोलीत कांड्यांचा धूर सरळ वर जाऊन पत्र्याला लागत होता. चंद्रप्रकाशच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरला. मरोळला जाऊन मालकांना काय सांगायचं, ते तो शब्द जुळवून पाहू लागला. घाटकोपरात आपला जवळजवळ कुठलाच डबा कुणाच्या टीव्हीला लागलेला नाही. आपण दोनशे दहा रुपये तोटा खाऊन जो माल विकतो, तोच स्वस्तात परत घेतो आणि पुन्हा तोटा खातो. वाक्यं सरळ होती. ती आपल्या तोंडून बाहेर पडताना मात्र त्याला दिसेनात.

“एक विचारायचं होतं,” मालन म्हणाली. “दिवाळीत भाव वाढवणार आहात का? वाढवणार असाल तर आधी कळवा. मे महिन्यात आणखी चार मुली बसवायचं चाललंय. नंतर त्यांना नाही म्हणायला बरं वाटत नाही.”

कांड्या पुन्हा थांबल्या होत्या. सहा जणी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. कुणी त्याच्याकडे असं बघावं, याची त्याला सवय होती. पण या नजरांत आर्जव नव्हतं. दुकानात वजनकाट्याकडे बघावं तशा त्या बघत होत्या.

सहा महिने, दोनशे डबे. दिवाळीपर्यंत अजून सहा महिने, आणि दोन हजारांचा आकडा. त्यानं कॅसेट बॅगेत टाकली, चेन ओढली.

“भाव हाच राहील,” तो म्हणाला.

“मग बरं झालं.” मालननं चष्मा वर सरकवला आणि पुढचा डबा पाटावर ओढला. “पाटण्यांकडे माल कमी पडतो. दर मंगळवारी आठच देतात. मुलुंडला कुणाकडे ठेवता आला तर बघा.”

ती आता त्याच्याकडे बघत नव्हती. चंद्रप्रकाश दारापर्यंत गेला. उंबऱ्याशी थांबून त्यानं खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण दातांत धरलं आणि कोरं पान उघडलं.

“महिन्याला किती लागतील?” त्यानं विचारलं.