आमच्या कोपीतले पाच पांडव

माझा नवरा भांडत नाही, ही माझ्या संसारातली सगळ्यात मोठी तक्रार आहे. माणसानं निदान बायकोशी तरी भांडावं. वैजनाथशी भांडायला गेलं की तो उठून चहा ठेवतो. चार माणसांनी घेरून तोंडावर काही सुनावलं तरी हा मान खाली घालून ऐकणार, शेवटी ‘बरं’ म्हणणार, आणि घरी येऊन मला सांगणार की आपण ते करायचं नाही. अरे, मग तिथंच सांग की!

येळवसच्या आधी मारुतीच्या देवळापुढं हेच झालं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे रानात. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे खोप, उभी करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पाच पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची, आंबील शिंपडत कोपीभोवती फिरायचं आणि येईल त्याला भज्जी, म्हणजे पालेभाज्या-शेंगांची मिसळ भाजी, आणि बाजरीचे उंडे वाढायचे. आमच्या शेतात मात्र कोपी नसायची, कारण आम्ही ख्रिस्ती.

मी उदगीरची, आजोबांपासूनची ख्रिस्ती. वैजनाथ टेम्पो घेऊन उदगीरला यायचा. एकदा सहज म्हणून चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसला, तिथून बाप्तिस्म्यापर्यंत पोचला आणि मग माझ्यापर्यंत. सासरे वारल्यावर वाटणीचं शेत कसायला आम्ही ह्या जळकोटजवळच्या गावात राहायला आलो. नाव वैजनाथ आणि प्रार्थना येशूची, यावर गाव पोटभर हसलं आणि सोडून दिलं. पण गेल्या फाल्गुनात गारा पडल्या, उभी ज्वारी झोपली, आणि गावाला कारण सापडलं. अख्ख्या शिवारात एकच शेत बिनपूजेचं! आमची ज्वारीसुद्धा त्याच गारांनी झोपली होती, पण ते कुणी ध्यानात घेईना.

“ह्या येळवसला वैजनाथच्या रानात कोपी झाली पायजे आन् पांडव मांडले पायजेत,” माझे थोरले दीर शेषेराव सगळ्यांपुढं म्हणाले. “न्हाईतर माझ्या रानातून त्याला वाट बंद.”

जमलेले सगळे ‘हाव, हाव’ करून ओरडले. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते, तिथंही हाव. आमचं शेत दिरांच्या शेताच्या मागं आहे. गाडी जायची वाट त्यांच्याच बांधावरून. दुसऱ्या बाजूला ओढा, त्यातून माणूस कसाबसा दगडांवर तोल सांभाळत जाईल, गाडी काही जायची नाही. आणि तूर काढणीला आलेली. वाट बंद झाली तर ते पीक डोक्यावरून वाहून सडकेला आणायचं, तेही दोघांनी.

महादेवप्पा म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं माणूस, त्यांचा शब्द शेवटचा. ते गोड आवाजात म्हणाले, “वैजनाथा, गाव काय तुझा धर्म मागत न्हाई बाबा. एक दिवस मागायलंय.”

आणि आमचे हे काय म्हणाले? “बरं. इचार करतो.”

घरी आल्यावर मी ताटंवाट्या आपटल्या. त्यानं चहा ठेवला.

“कोपी बांधू,” तो म्हणाला. “कडब्यात काय पाप हाय? भज्जी करू, आंबील करू, गावाला जेवू घालू. देवानं पीक दिलं मनून प्रार्थना करू. पांडव तेवढे मांडायचे न्हाईत.”

“आन् वाट?”

“बगू.”

ह्या ‘बगू’वर माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. मी उदगीरला पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “ताई, टिकून राहा. आम्ही प्रार्थनेत आहोत.” त्यांच्या दारापुढून डांबरी सडक जाते. मी ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला देवाचाही राग आला होता. माझ्याच वाट्याला असली माणसं का, असं मी त्याला स्पष्ट विचारलं.

दुसऱ्या दिवशी सिंधुअक्का आली. ही माझी थोरली जाऊ, शेषेरावांची बायको. ह्या गावात मला आपलं म्हणावं असं माणूस एकच, आणि ते नेमकं त्यांच्या घरात. मी नवीन आले तेव्हा मला चुलीवर भाकरी जमत नव्हती. हिनं कधी चारचौघांत माझं हसं केलं नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा हिनंच मऊ भात भरवला. ती बसली, माझ्यापुढची हरभऱ्याची भाजी ओढून निवडायला लागली आणि म्हणाली, “पाच दगडांला चुना लावला तर तुझ्या येशूला एवढा राग कामून येतो गं?”

“राग येतो मनून न्हाई, अक्का.”

“मग? हात नको जोडू. नुसतं मांड. मनात तुझा देव ठेव. कोण बगायलंय मनातलं?”

“लोकांनी बगावं मनूनच तर मांडायला सांगायलेत. मांडलं की झालं, मी ते मानते असं सांगितल्यासारखंच हाय. आन् मी मानत न्हाई. खोटं कशाला सांगू?”

“ह्यांचा सोभाव माहीत हाय ना तुला? शब्द टाकला की टाकला. वाट खरंच बंद करतेल. भाऊ भाऊ एकमेकांचं तोंड बगायचे न्हाईत. मग मी तुझ्याकडं यायचं कसं?” तिचे डोळे भरले. भाजी निवडून झाली तरी ती काड्याच मोडत बसली होती. जाताना म्हणाली, “लई हट्टी हायस तू, ज्योस्ना.” ते खरंच होतं.

येळवसच्या दिवशी सकाळी आम्ही टोपली आणि आंबिलीचं मडकं घेऊन रानात गेलो. कोपी वैजनाथनं आदल्या दिवशीच बांधली होती. मी पुढं होते. वाकून आत पाहिलं तर पाच पांढरेशुभ्र दगड ओळीनं मांडलेले. हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची फुलं, पुढं नारळाची वाटी.

माझं डोकंच फिरलं. मागं वळले ती त्याच्यावर तुटूनच पडले. “हे काय रे? मला न सांगता येऊन मांडलंस? मला तरी सांगायचं! एवढा भ्यालास?”

तो आत वाकला, बघत राहिला. मग माझ्याकडं अशा तोंडानं बघितलं की माझ्या लक्षात आलं, ह्याला काहीच माहीत नाही. विचारायला सवड कुठली? बांधावरून माणसं यायला लागली होती. महादेवप्पा पुढं, त्यांच्यामागं निम्मं गाव, बायका, मडकी, आरडाओरडा. नवस फेडायला आल्यासारखी माणसं लोटली होती. आज वैजनाथ काय करतो हे बघायलाच आली होती सगळी.

आणि कोपीत पांडव बघून जो काय जल्लोष झाला! “मांडले रे! वैजनाथनं मांडले!” कुणीतरी आमचंच मडकं उचललं, आंबील शिंपडत सगळे कोपीभोवती फिरायला लागले. “ओलगे ओलगे सालम पोलगे!” हा येळवसचा नेहमीचा पुकारा. गोल गोल. शेषेराव भावजींनी तर भावाला मिठीच मारली. एवढा ताठ माणूस, पण रडायला लागला. “बाबा पायजे होते रे आज,” म्हणाला. “कशाला बंद करतो वाट? तुझीच हाय की.”

पंगत बसली. मी वाढत होते. कुणी म्हणत होतं भज्जी झकास, कुणी म्हणत होतं उदगीरच्या पोरीला आमच्यासारखे उंडे कधी जमले. सिंधुअक्का खाली मान घालून जेवत होती. एरवी मी वाढायला आले की ती काहीतरी चिडवल्याशिवाय घास घेत नाही. आज तिनं वरसुद्धा बघितलं नाही. तेव्हा मला कळलं कुणी मांडले ते.

आता खरं सांगते. देवळापुढं सगळ्यांना तोंडावर सुनवावं असं ज्या बाईला वाटत होतं, ती मी, त्या वेळी गप्प बसले. मला वाटलं, असू दे. आपण तर केलं नाही ना? आपल्या मनाला माहीत आहे. वाट मिळाली, भाऊ एक झाले, गाव जेवतंय. एक घास गिळून टाकायचा तेवढाच. मी भज्जीचं भांडं घेऊन दुसऱ्या ओळीकडं वळले.

“दादा,” वैजनाथ म्हणाला. त्याच्या खांद्यावर भावजींचा हात तसाच होता. “दादा, हे मी न्हाई मांडले.”

भावजी हसले. “मग काय आपोआप आले का?”

“मला माहीत न्हाई. पर मी न्हाई, ज्योत्स्नानं न्हाई. आमी प्रार्थना करणार होतो आन् तुमाला जेवू घालणार होतो, येवढंच. तुमी खुशीत हायसा, तुमाला फसवल्यासारखं वाटायलंय मनून सांगितलं.”

पंगत थांबली. ज्याच्या तोंडात घास होता त्यानं तो तसाच धरला. मग सगळे एकदम बोलायला लागले. जेवायला बोलावून चेष्टा केली, देवाची फजिती केली, उचला ह्याला, हाकला. एकजण पत्रावळ भिरकावून उठला. शेषेरावांचा हात खांद्यावरून कधीच निघाला होता. “मांडले कुणी मग? सांग!” ते ओरडले.

वैजनाथनं सांगितलं नाही. त्याला तरी कुठं ठाऊक होतं? ठाऊक मला होतं, आणि मी खाली बघत होते.

“मी मांडले,” सिंधुअक्का उभी राहिली. “ते मांडायचे न्हाईत, तुमी ऐकायचे न्हाईत. मग कुणीतरी करायलाच पायजे होतं की न्हाई?”

भावजींच्या तोंडाला रंग राहिला नाही. काय झालं असतं कुणास ठाऊक, पण महादेवप्पांनी हात वर केला. त्यांनी आंबिलीचा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि निकाल दिला. “पूजा झाली का? झाली. घरच्याच सुनेनं केली का? केली. कुणाच्या हातानं केली ते जमिनीला काय कळतंय? गावाचं काम झालं. शेषेरावा, वाट चालू ऱ्हाऊ दे. बसा रे, जेवा.”

आणि बसले की सगळे! अहो, खरंच बसले. उठलेल्यानं आपली पत्रावळ उचलून झटकली आणि पुन्हा भज्जी मागितली. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकदा गर्दीपुढं तोंड उघडलं, जीव मुठीत धरून ‘नाही’ म्हणाला, आणि गावानं ते ‘नाही’ आंबिलीबरोबर पिऊन टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आमचं म्हणणं त्यांनी ऐकलंच नाही, हे मला सोसवेना. मी भांडं दाणकन खाली ठेवलं.

“मग मला ती वाट नको,” वैजनाथ म्हणाला.

“काय?” भावजी म्हणाले.

“पूजेबद्दल दिलेली वाट मी कशी घेऊ? पूजा मी केली न्हाई. तू भाऊ मनून दे, उद्या घेतो.”

एवढ्या माणसांत भावजींना ते गिळणं शक्य नव्हतं. “मर मग ओढ्यातून!” ते म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

मी त्याच्याशी घरी येऊन भांडले का? भांडले. मिळालेली वाट सोडणारा शहाणा जगात मी दुसरा बघितला नाही, असं म्हटलं. त्यानं चहा ठेवला. मी तो प्यायले, कारण मी पंगतीत गप्प बसले होते आणि तो नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तूर काढायला लागलो. भारे बांधायचे, डोक्यावर घ्यायचे, ओढ्यात उतरायचं, पलीकडचा चढ चढायचा, सडकेला टाकायचे, परत यायचं. मानेचा काटा ढिला झाला. पाय घसरून माझं ढोपर फुटलं. गाव सडकेवरून बघायचं आणि हसायचं, महादेवप्पांनी वाट मोकळी करून दिली असताना ओढ्यातून चाललेत, येडे का खुळे. सिंधुअक्का बांधावर यायची आणि हाका मारायची, “आगं ज्योस्ना, ये की इकडून!” मी ओ द्यायची नाही. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही.

एक दिवस तिचाच पारा चढला. बांधावरून खाली ओढ्याच्या काठापर्यंत आली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, “तुझ्या देवाला माझ्या रानाचा इटाळ होतो का गं?”

मी ओढ्याच्या मधोमध होते. डोक्यावर एकावर एक घेतलेले दोन भारे तिथल्या तिथं एका धोंड्यावर टाकले. “तुझं रान असतं तर लोळत आले असते, अक्का! ती वाट तुझी राहिली न्हाई आता. तिच्यावर पाय ठेवला की गाव मनणार, शेवटी नमले बगा.”

“मी तुमच्यासाठीच केलं की गं.”

“माहीत हाय! मनून तर तुझ्यावर धड रागवताबी येईना. लई छळायलीस तू मला.”

ती रडायला लागली. मलाही रडू आलं, पण मी आधी नाक पुसून घेतलं. मग तिनं पदर कमरेला खोचला, चपला काढून काठावर ठेवल्या आणि पाण्यात उतरली.

“दे इकडं एक,” ती म्हणाली.

“भावजी बगतेल.”

“बगू दे. ते वाटंचं बोललेत. ओढ्यात उतरू नको असं मला कुठं मनलेत?”

माझा राग काही गेला नव्हता. मी तिला मोठा भारा दिला.